खांदेमळणीचं लोणी

माझे सासरे फार दयाळू होते. लग्न होऊन आले तेव्हापासून हे मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं की पुढे पुढे कुणी 'दयाळू' म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. अजूनही जाते. वय झालं तरी काही गोष्टी निवत नाहीत.

आमचं गाव प्रवरेच्या काठी, बेलापूरपासून फार लांब नाही. पाटाचं पाणी, ऊस, बाजारपेठ, त्यात आमचं कापडाचं दुकान. दुकान माझा नवरा बघायचा आणि मामंजी पांजरपोळ बघायचे. म्हातारी, लंगडी, टाकून दिलेली जनावरं सांभाळायची जागा ती. मामंजी तिचे अध्यक्ष, त्यांचे एक वकील मित्र चिटणीस. दोघेही एक पैसा घेत नसत आणि एक पैसा घेत नाही हे दिवसातून दोनदा तरी सांगत.

खोटं कशाला बोलू, मामंजी नुसते मिरवणारे नव्हते. पहाटे उठून गोठ्यात जायचे. जखमेतले किडे स्वतःच्या बोटांनी काढायचे, वास आला म्हणून कधी नाक धरलं नाही. एका आजारी वासराच्या उशाशी ते रात्रंदिवस बसले, तेव्हा घरात सासूबाई तापानं फणफणत होत्या. त्यांना काढा मी पाजला. वासरू जगलं तेव्हा मामंजींनी पेढे वाटले. सासूबाईही जगल्या, त्याचे पेढे कुणी वाटले नाहीत.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. आमच्याकडे चाऱ्याला उसाची वाढं तरी होती, पण माझं माहेर पाथर्डीकडचं, तिकडे नुसती धूळ. सरकारनं ठिकठिकाणी गुरांच्या छावण्या काढल्या होत्या. छावणीत जनावर बांधायचं, पाऊस पडला की सोडून न्यायचं. पण लोकांच्या तोंडी सगळंच एक झालं. नदीकाठी कुठंतरी गुरांना चारा देतात, एवढंच ऐकून माणसं दावं धरून निघायची. त्यातली कितीतरी आमच्या दारात यायची.

पांजरपोळाचा नियम वेगळा होता. आत आलेलं जनावर परत जायचं नाही. ते आत घेताना विधी व्हायचा. गळ्यात हार, कपाळाला कुंकू, आणि मग मामंजी सगळ्यांसमोर विळ्यानं त्याची वेसण कापायचे. नाकातला दोर तुटला की जनावर माणसाच्या तावडीतून सुटलं, जन्मात त्याच्या मानेवर जू नाही. कुंकू लावायचं काम सुवासिनीचं, म्हणजे माझं.

ती बाई आली ती अशाच गर्दीत. पन्नाशीची, उन्हानं करपलेली, पाथर्डीच्याही पलीकडून बैलाला घेऊन चालत आलेली. नवरा दम्यानं बेजार, म्हणून तीच निघाली होती. बैल पांढरा खिल्लार, बरगड्या मोजून घ्याव्यात असा, पण म्हातारा नव्हता. अजून चांगली चार-पाच वर्षं औताला चालणारा होता. मी कुंकू लावलं. मामंजींनी वेसण कापली. मंडळींनी हात जोडले, तसे तिनंही जोडले. तिला वाटलं, ह्या छावणीत अशीच पद्धत असेल. कापलेली वेसण तिनं उचलून कनवटीला खोचली आणि बैलाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "पानी पडलं की येते रं न्यायला. तवर खाऊन घे."

मी शेजारीच होते. मला स्पष्ट ऐकू आलं. दुपारी पानं वाढताना मी मामंजींना सांगितलं की त्या बाईला आपला नियम कळलेला नाही, ती बैल परत न्यायला येणार आहे, तिला कुणीतरी नीट सांगायला हवं होतं. मामंजी वरणभात कालवत होते. म्हणाले, सगळेच तसं म्हणतात, सांगितलं असतं तर ती बैल परत घेऊन गेली असती आणि तो वाटेत मेला असता. मग त्यांनी तूप मागितलं. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर वकीलसाहेब म्हणत की गैरसमज झाला बिचारीचा.

पुढच्या वर्षी पाऊस पडला. बैल आमच्याकडे अंगानं भरला होता, पाठीवरून हात फिरवला तर घसरायचा. आणि ती आली. हातात नवी वेसण, स्वतः वळलेली, हळदीत पिवळी केलेली.

आधी आमच्याच ओसरीवर आली. मी चहा दिला. चहा पिता पिता तिनं सगळं सांगितलं. तिचा हा एकच बैल. शेजाऱ्याचा एक. दोघांची सावड, म्हणजे तुझा एक माझा एक मिळून जोडी करायची आणि दोघांची रानं पेरायची. शेजारी तिच्यासाठी थांबला होता, पण थांबून थांबून किती थांबणार? पावसानंतर माती पेरणीजोगी होते त्याला वापसा म्हणतात, आणि त्यांच्या हलक्या रानात वापसा चार दिवस टिकला तरी पुष्कळ. तो गेला की वर्ष गेलं. गेल्या वर्षी काही पिकलं नव्हतं. ह्या वर्षी पेरलं नाही तर खायचं काय, हा प्रश्न तिनं मला विचारला नाही. तो तिच्या तोंडावरच होता. ती म्हणाली, "आजच निगते माय. चालत जायाचं हाय."

मी तिच्याबरोबर पांजरपोळात गेले. सुनेनं असं जायची पद्धत नव्हती. गेले.

मामंजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तितक्याच शांतपणे नाही म्हणाले. वेसण कापलेलं जनावर जुवाला देणं पाप आहे, म्हणाले. तिला आधी कळेचना. ती कौतुकानं नवी वेसण दाखवत राहिली, हे बघा, नवीन आणलीय. मग कळलं तेव्हा ती मटकन खाली बसली. वकीलसाहेब कायद्याचं काहीतरी बोलले. मी म्हणाले, मामंजी, तिनं दान दिलंच नव्हतं. मामंजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वकिलांना म्हणाले, हल्ली घरातल्या बायकांना बाहेरची हवा फार मानवते. माझं पित्त खवळलं, पण त्या बाईचं काम बिघडेल म्हणून ओठ आवळून उभी राहिले.

तोवर गडीमाणसं, बाजारातली चार रिकामी मंडळी गोळा झाली होती. माणसं जमली की मामंजींच्या अंगात न्यायाधीश संचारायचा. ते म्हणाले, आपण भांडायचं कशाला, मुक्या जिवालाच विचारू. तिला फाटकाबाहेर उभं केलं. हाक मारायची नाही, हात करायचा नाही. मधल्या वाटेवर हिरव्यागार घासाचा भारा टाकला. आणि बैल मोकळा सोडला. तिच्याकडे गेला तर तिचा, घासाकडे गेला तर आमचा.

दुष्काळात उपाशी राहिलेलं जनावर ते. मला वाटलं, संपलं. बाई डोळे गच्च मिटून उभी होती, नवी वेसण दोन्ही मुठीत धरून.

बैलानं घास हुंगला. एक पेंढी उचलली, ती तोंडातच ठेवून मान वर केली, आणि चालायला लागला. सरळ फाटकापर्यंत गेला आणि तिच्या खांद्यावर तोंड घासलं. वकीलसाहेबसुद्धा चष्मा पुसायला लागले. मामंजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, मी पदरानं तोंड झाकून घेतलं.

मामंजी पुढे झाले. बैलाच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाले, "पाहिलंत? केवढी माया आहे ह्या जिवात! आणि ह्याला जुवाला जुंपायचं?"

मग त्यांनी गड्याला खूण केली. गड्यानं बैलाला आत ओढलं आणि फाटक लावलं.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण नवऱ्याला दुकानातून बोलावून आणण्याइतकं होतं ते. त्यानं मला दंडाला धरून घरी नेलं. वाटेत म्हणाला, वडिलांसमोर मी तरी काय बोलणार. हा माणूस आयुष्यभर एवढंच बोलला. मागे वळून पाहिलं तर ती बाई फाटकाच्या गजातून मामंजींना विचारत होती की मी पेरनी कशानं करू. देव काहीतरी सोय करील, असं त्यांनी सांगितल्याचं मला नंतर गड्याकडून कळलं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून खांदे सोलवटलेले असतात, म्हणून लोणी आणि हळद लावून ते चोळायचे, आणि कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. आमच्या पांजरपोळातल्या एकाही बैलाच्या खांद्यावर जू नव्हतं. तरी मामंजी मोठ्या थाटात खांदेमळणी करायचे. दुसऱ्या दिवशी नगरहून पाहुणे, भाषणं, सगळ्या गावाला पुरणपोळी. लोणी मी काढलं होतं, चांगलं पातेलंभर.

त्या संध्याकाळी फाटक सगळ्यांना उघडं असायचं. ती आली. बैल मागायला नाही. मला बघून म्हणाली, "हळद आनलीय माय. लोनी न्हाई घरात. थोडं देशील का? त्याचा खांदा तेवढा मळते."

मी तिच्या हातावर लोण्याचा गोळा ठेवला. ती बैलापाशी गेली आणि खांदा मळायला लागली. आता तिथं जुवाचा घट्टासुद्धा उरला नव्हता, मऊ पांढरे केस उगवले होते. ती डाव्या हातानं मळत होती. उजवा हात अंगाशी धरलेला. मी विचारलं, मावशी, हाताला काय झालं? काय न्हाई, म्हणाली. मी तिचा पदर बाजूला केला. चोळीच्या खांद्यावर गोणपाटाचं ठिगळ होतं आणि ठिगळाखाली चोळी मांसाला चिकटली होती. खाली सुजून काळंनिळं.

तिनं सांगितलं ते बैलाचा खांदा मळता मळताच सांगितलं. शेजाऱ्यानं दुसऱ्याशी सावड केली, त्याचं तरी काय चुकलं, वापसा थांबतो व्हय. मग मालकानं पेरायची पाभर धरली आणि हिनं ओढली. त्याला दम्यानं ओढवत नव्हतं म्हणून. पेरा झाला, उगवलं, मग खुरपायला माणूस परवडेना म्हणून तण काढायचं कोळपंही हिनंच ओढलं. पीक बरं हाय, म्हणाली.

मी हातातलं लोणी तिच्या खांद्याला लावलं. वर हळद लावली. ती नको नको म्हणत होती, लोक बघत्यात म्हणत होती. बघू देत म्हटलं, आणि सगळ्या जमलेल्या मंडळींत मोठ्यानं हाक मारली, "मामंजी, इकडे या. हा खांदा बघा."

ते आले. चष्मा वर सरकवला. जनावराची जखम बघायचे तसे वाकून, नीट, बराच वेळ बघत राहिले. विचारलं कशानं झालं, ते तिनं सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. एक क्षणभर, खरंच सांगते, मला वाटलं की ह्या माणसाला आता कळलं. आता तो गड्याला म्हणेल, सोड बैल.

मामंजी मंडळींकडे वळले. म्हणाले, "बघा, एका पेरणीत ही गत! आणि हे मुकं जनावर वर्षानुवर्षं हेच ओढत होतं. आपण सोडवलं नसतं तर काय झालं असतं ह्याचं?"

मंडळींनी माना डोलावल्या. एकजण तर चुकचुकला, बैलाकडे बघून.

मग मामंजींनी तिला दुसऱ्या दिवशी जेवायचं आमंत्रण दिलं, अगदी मनापासून. तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला. उरलेलं लोणी बैलाच्या खांद्याला पुसलं, त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि निघून गेली. अंधार पडायच्या आत जमेल तेवढं चालायचं होतं तिला.

पोळ्याच्या दिवशी मामंजींनी भाषणात तिचा खांदा सांगितला. टाळ्या पडल्या. पंगतीत तिचं पान तसंच राहिलं होतं, पुरणपोळी वाढून ठेवलेली. मी ते उचलू दिलं नव्हतं. पंगत उठल्यावर मामंजी म्हणाले, सूनबाई, अन्न वाया नको घालवू, त्या पांढऱ्याला घाल.

मी पान घेऊन बैलापाशी गेले. त्यानं सगळं खाल्लं आणि पानही चाटून पुसून स्वच्छ केलं.