मानेवरची तीन बोटं

सुरुवातीलाच सांगून टाकते — या ग्रुपवर मी आले ती भांडायला. कुणी चकव्याची गोष्ट टाकली की खाली "झोप पूर्ण घेत जा" अशी कमेंट करणारी ती खवचट बाई मीच. मध्य प्रदेशातल्या सौसरला शाळेत विज्ञान शिकवते. भूत, करणी, बाहेरचं यांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, आणि आजही आहे असं म्हणवत नाही. पण एक गोष्ट काही केल्या मनातून जात नाही. ती सांगते, मग हव्या तेवढ्या कमेंटी करा.

माझं माहेर पांढुर्ण्याचं, बौद्ध घर. गंडा नाही, ताईत नाही, लिंबू आणलं तर ते वरणावर पिळायला. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये होते. तिथल्या मशीनमध्ये त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर गेलं होतं. आम्हा भावंडांना ताप आला की ते कपाळाला हात लावत नसत. मानेच्या डाव्या बाजूला, जबड्याखाली तीन बोटं दाबून धरत — मधलं आखूड बोट जेमतेम टेकायचं — आणि थोडं थांबून म्हणत, "काई नाई. झोप." घरात थर्मामीटर होता, पण त्यावर त्यांचा भरवसा नव्हता. ते जाऊन बरीच वर्षं झाली.

मिलिंद माझा धाकटा भाऊ. पांढुर्ण्यात त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान, संत्र्याच्या बागांतल्या जळक्या मोटारी त्याच्याकडे येत. तेव्हा पांढुर्णा जिल्हा व्हायचा होता. आधी त्याचा एक डोळा धूसर झाला, मग पाय जड पडू लागले. नागपूरच्या डॉक्टर मॅडमनी निदान केलं — मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच नसांवरचं आवरण कुरतडते, असा आजार. मिलिंदला ते माझ्याआधी कळलं. "ताई, माह्या वायरींचं इन्सुलेशन जळून राहिलं, बस," म्हणाला. त्याची मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती, आणि हा भिंत धरून चालत होता. मला रडू यायचं, म्हणून मी त्याच्यावर ओरडायचे.

शेजारचे म्हणायचे, एकदा जामसावळीला मारुतीपुढे घेऊन जा. तो हसून हात जोडायचा. पण हाच शहाणा मोबाईलवरच्या एका व्हिडिओला मात्र भुलला! त्यात सांगितलं होतं की या आजारात मानेतल्या शिरा अरुंद असतात, डोक्यातलं रक्त खाली उतरत नाही, तुंबतं. शिरेत फुगा घालून ती रुंद केली की माणूस चालायला लागतो. दूरच्या एका खासगी दवाखान्यात तो हे करून घ्यायला निघाला होता.

"नाली चोक झाली की पानी वापस येते. सीधी गोष्ट आहे," तो म्हणे.

मॅडमना विचारलं तर त्या गंभीर झाल्या. "असं कुठं सिद्ध झालेलं नाही. आणि फुग्यानं शिरेत गुठळी झाली तर जिवावर बेततं." त्या नेमकं हेच तपासत होत्या — या आजाराचे रुग्ण आणि त्यांची धडधाकट भावंडं, दोघांच्याही मानेचा एमआरआय काढून शिरा ताडून बघायच्या. आम्हाला दोघांनाही बोलावलं.

मिलिंदनं पक्कं ठरवून घेतलं. "माह्यी शीर बारीक अन् तुह्यी मोकळी निघाली, तर मंग तू आडवी येशील नाई. मी जाईन."

मी हो म्हटलं. आणि म्हणताच पस्तावले. कारण त्याची बारीक निघणार, माझी मोकळी निघणार, हे मला कुठंतरी ठाऊक असल्यासारखंच वाटत होतं.

दुपारची वेळ होती. आधी त्याचा स्कॅन झाला, मग माझा. मंगळसूत्र, कानातले, केसांच्या पिना, सगळं काढून ठेवलं. मला फळीवर आडवं केलं, मानेभोवती प्लास्टिकचा पिंजरा बसवला — या पिंजऱ्यातून बोट सोडा, रुमालही नीट जात नाही — आणि हातात रबरी फुगा दिला. घाबरलं तर दाबायचा. मग फळी बोगद्यात सरकली.

आवाज सुरू झाला... ठकठक, मग घरघर. मी डोळे मिटून घेतले. काही वेळानं आवाज बदलला, मोठा आणि सलग झाला. आणि माझ्या मानेला डाव्या बाजूला काहीतरी लागलं.

आधी वाटलं, पिंजऱ्याची कड असेल. पण कड गार असते. हे कोमट होतं, खरबरीत होतं. जबड्याखाली एक बोट. खाली दुसरं. आणि दोहोंच्या मधे... जेमतेम टेकलेलं.

माझा श्वास थांबला. फुगा हातातच होता, एक दाब आणि मी बाहेर. नाही दाबला. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठी भीती ही होती की मी हलले तर ती बोटं निघून जातील. डोळ्यांतून पाणी कानात उतरत होतं आणि मला ते पुसता येत नव्हतं. दाब हळूहळू वाढला. दुखण्याइतका नाही. आवाज चालू होता तोवर तो होता, आणि आवाज थांबला तसा गेला.

स्पीकरवर टेक्निशियन म्हणाला, "मॅडम, हलल्या का तुम्ही? एक परत घ्यावा लागेल."

परत तोच सलग आवाज. या वेळी मानेवर काहीच नव्हतं. बाहेर आल्यावर मी विचारलं, मधे कुणी आत आलं होतं का? तो माझ्याकडे बघतच राहिला. दार लागलेलं होतं, आणि काचेतून त्याला माझे पाय दिसत होते, बस.

संध्याकाळी मॅडमनी आम्हाला पडद्यासमोर बसवलं. मिलिंदची डावी शीर बारीक होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं — बघ, सांगत होतो ना! मग माझा फोटो लागला. माझी डावी शीर त्याच्याहूनही बारीक. जवळजवळ बंद.

"आता हा बघा," मॅडम म्हणाल्या. "हिचाच, लगेच परत घेतलेला." त्यात शीर अगदी मोकळी होती. "शिरेची भिंत पातळ असते. मान थोडी वळली, श्वास रोखला, वरून दाब आला की चपटी होते. तीच मान, तेच मशीन, आणि फोटो दोन. आता मिलिंदच्या फोटोवरून मी त्याच्या शिरेत फुगा कसा घालू देऊ?"

मिलिंद पडद्याजवळ सरकला. तो माझा पहिला फोटो बघत होता, जळकी मोटार उघडून बघावी तसा. "मॅडम, हे सलग बारीक नाई," तो म्हणाला. "इथं दबलं आहे, अन् इथं. मधात थोडंसंच." त्यानं पडद्यावर आपली बोटं ठेवली. तीन. मधलं जरा उचललेलं. मग हात मागे घेतला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी तोवर कुणाला एक अक्षर सांगितलं नव्हतं.

"गिळताना होतं असं," मॅडम म्हणाल्या. असेलही.

परतीच्या बसमध्ये मिलिंद खिडकीशी बसला. लोधीखेडा मागे पडल्यावर तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "बाबा होते का वो?"

मी होकारार्थी मान हलवली.

"काई बोलले?"

"नाही."

मग त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "बिमार मी हावो, ताई. माह्याकडे काहून नाई आले?"

मी नुसता त्याचा हात धरला. सौसर यायला लागलं तेव्हा त्यानंच सांगितलं. "माह्यी तर बारीकच होती. तुह्यी मोकळी निघाली असती तर मी गेलो असतो." मग म्हणाला, "म्हणून तुह्यी दाबली त्यायनं."

फुगा घालायला तो गेला नाही. आजार आहेच, औषधं चालू आहेत, काठी घेऊन दुकानात जातो. मुलगी आता त्याच्या काठीवरून त्याला चिडवते.

माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. मान वळली असेल, गिळलं असेल, बाबांची आठवण आली असेल आणि मनानं बाकीचं रचलं असेल. ते मधलं बोट तेवढं कशात बसत नाही. कुणाकडे उत्तर असेल तर लिहा, या वेळी मी भांडणार नाही.

मागच्या आठवड्यात मिलिंदला ताप होता म्हणून पांढुर्ण्याला गेले. तो शर्टाची कॉलर खाली ओढून, डावी मान उघडी टाकून पडला होता. मी थर्मामीटर काढला.

"थांब ना जरा," तो डोळे मिटूनच म्हणाला.

मी थर्मामीटर हातात धरून थांबले.