केवड्यापायी गेलेली पँट

केवडा हे माझं सगळ्यात आवडतं फूल आहे आणि त्याच्यासाठी मी एकदा कमरेपर्यंत जमिनीत पुरला गेलो होतो.

लोकांना मोगऱ्याच्या वासाने लग्न आठवतं, प्राजक्ताचा सडा पाहिला की शाळेचं अंगण आठवतं. मला केवड्याचा वास आला की आधी माझी पँट आठवते. (करड्या रंगाची, टेरिकॉटची, सासऱ्यांनी लग्नात शिवून दिलेली. आज ती करावे गावाच्या खाडीत आहे.)

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही वाशीला नवीनच राहायला आलो होतो. बिल्डिंगा उभ्या होत्या, माणसं यायची बाकी होती. माझी बायको सुनंदा हिचे दिवस भरत आले होते आणि रेवदंड्याहून सासूबाई येऊन राहिल्या होत्या. भाद्रपदातला रविवार. मी पेपर वाचत लोळत होतो. सुनंदा म्हणाली,

"अहो, मला केवड्याचा वास घ्यावासा वाटतोय."

"वास?"

"आमच्याकडे ना, आई केवड्याचं पान माझ्या वेणीत घालायची. उरलेली ट्रंकेत, कपड्यांच्या घडीत. शाळेत गेले की सगळ्या मुली मलाच चिकटून बसायच्या. आता सारखा तोच वास आठवतोय."

बरं म्हणून मी पेपरात पुन्हा तोंड खुपसलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला.

"जावईबापू, डोहाळे पुरवले नाहीत तर पोराची लाळ गळते हो!"

झालं! पेपर खाली ठेवावा लागला. वाशीच्या बाजारात केवडा नव्हता. फुलवाल्याने झेंडू दाखवला, शेवंती दाखवली आणि शेवटी केवड्याच्या वासाची उदबत्ती दाखवली. मी रिकाम्या हाताने जिना चढत होतो, तर समोर शेजारचे हमीदभाई. हे मूळचे रायगडातलेच. सगळा खाडीकिनारा आपल्या परसात आहे अशा थाटात बोलायचे. मी त्यांना केवड्याचं सांगितलं.

"अरे दत्ता, केवडा ना? टेन्शन कशाला घेतोस! करावेच्या बाजूला खाडीकाठी बन आहे बन! काढतो स्कूटर!"

निघताना सासूबाईंनी दारातून बजावलं, "जपून हो! केवड्याच्या बनात नाग असतो!"

(ही माहिती लाळेच्या आधी दिली असती तर मी पेपर वाचत राहिलो असतो.)

खाडीकाठी पोहोचलो आणि हमीदभाई खरे ठरले. समोर केवड्याचं हिरवंगार बन होतं आणि त्यात पिवळं धमक कणीस डोलत होतं. वास तर असा, की मी साताऱ्याचा माणूस जागच्या जागी कोकणी झालो! मधे फक्त थोडा चिखल होता. आमच्याकडे चिखल म्हणजे घोट्यापर्यंत. त्याच हिशोबाने मी चपला काढल्या आणि निघालो.

जाताना मी काठाकाठाने, झुडपं धरत गेलो. काट्यांनी हात सोलवटले, पण कणीस तोडलं. येताना मात्र, हातात फूल आलेला माणूस जरा जास्तच उत्साहात असतो, तसा मी सरळ वाटेने निघालो.

पहिलं पाऊल पोटरीपर्यंत गेलं. ते काढायला दुसऱ्यावर जोर दिला, तर दुसरं गुडघ्यापर्यंत. मग मी एकदम ताकद लावली आणि कमरेपर्यंत गेलो!

"हमीदभाई!"

"अरे, मस्करी काय करतोस? ये ना बाहेर!"

"येता येत नाहीये!"

हमीदभाई आले, एक पाय चिखलात टाकला, चप्पल तिथेच ठेवून परत गेले. "मी माणसं आणतो," म्हणाले. "तू कुठे जाऊ नकोस!"

मी कुठे जाणार होतो? केवडा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून मी विसर्जनाच्या मूर्तीसारखा हळूहळू खाली चाललो होतो. त्यात लांबवर पाणी चकाकायला लागलं. भरती! आणि तेवढ्यात चिखलाच्या आत माझ्या मांडीला काहीतरी गार, लांबट, गुळगुळीत असं विळखा घालून बसलं.

"नाग! नाग! वाचवा!"

माझ्या ओरडण्याने बगळे उडाले. हमीदभाई दोन बायकांना घेऊन आले. खाडीत निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, धरायला निघालेल्या, कमरेला कासोटा, डोक्यावर पाटी, हातात फळी आणि दोरी. पुढची होती चांगुणाबाय. तिने मला नीट न्याहाळलं.

"कंचा गाव तुजा?"

"सातारा! नाग आहे! लवकर!"

"मंग खाडीन कनाला घुसलास?"

"बायकोला केवडा पाहिजे होता!"

हे ऐकून दुसरी बाई जी हसायला लागली, ती पाटी खाली ठेवून बसलीच. चांगुणाबाय मात्र कामाची. "हालू नुको! पानी येतंय," म्हणत तिने चिखलावर एक फळी सरकवली, मला तिच्यावर पालथं पडायला लावलं आणि दोरी काखेत अडकवली. तिघांनी मिळून ओढलं. असा आवाज झाला, की हमीदभाई नंतर सोसायटीत वर्षभर तो तोंडाने काढून दाखवत. मी बाहेर आलो. पँट आली नाही!

पट्टा मात्र आला, मांडीला गुंडाळून. चांगुणाबायने तो चिमटीत धरून माझ्यासमोर नाचवला.

"ह्यो बग तुजा नाग!"

पट्टा होता, पण ज्याला लावायचा ते नव्हतं. शेवटी तिने घराच्या कुंपणावर वाळत घातलेलं लुगडं आणून दिलं. जांभळं, त्यावर मोठी पिवळी फुलं. मी ते लुंगीसारखं गुंडाळलं, केवडा छातीशी धरला आणि स्कूटरवर मागे बसलो. रस्त्यात लोक वळून वळून बघत होते. हमीदभाई सिग्नल नसलेल्या ठिकाणीही स्कूटर थांबवत होते, असा मला आजही संशय आहे.

घरी आलो, तर दाराला कुलूप! हमीदभाईंच्या जमीलाभाभी जिन्यातच उभ्या.

"अहो, होता कुठे तुम्ही दोघं? वहिनींना कळा सुरू झाल्या! तुर्भ्याकडचा कांद्याचा टेम्पो थांबवला आणि नर्सिंग होमला नेलं!"

कपडे बदलायचं सुचलंच नाही. तसाच उलट पळालो.

नर्सिंग होमच्या दारात नर्सने मला पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत करडा चिखल, हात रक्ताळलेले, खाली जांभळं लुगडं. ती आत बघून ओरडली, "स्ट्रेचर आणा! कारखान्यातला अपघात आलाय!"

"अहो, मी अपघात नाही, मी नवरा आहे!"

"हो हो, घाबरू नका, पडून राहा."

मला आडवा करून धनुर्वाताचं इंजेक्शन टोचलं, तेव्हा कुठे सासूबाईंचं लक्ष गेलं. त्यांनी मला लुगड्यावरून नव्हे, केवड्यावरून ओळखलं.

"जावईबापू! हे काय?"

"केवडा," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. मला स्ट्रेचरवरून उठवून बाकावर शेजारी घेऊन बसल्या. "डॉक्टरीणबाई म्हणतात, बाळ अडलंय. बघू म्हणाल्या."

माझ्या अंगावरचा चिखल वाळून पडत होता आणि सासूबाईंच्या पदराला कांद्याच्या साली चिकटलेल्या होत्या. एरवी मला चहासुद्धा दुरून देणाऱ्या त्या बाईंनी माझा चिखलाचा हात आपल्या हातात घट्ट धरला. खाडीत पाणी येताना मी जेवढा घाबरलो नव्हतो, तेवढा त्या बाकावर घाबरलो. हमीदभाई दाराशी उभे राहून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होते.

आणि आतून रडण्याचा आवाज आला. असा खणखणीत, की सासूबाई उडाल्याच!

"मुलगी! दोघी छान आहेत," डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून त्यांनी नर्सला विचारलं, "यांना अजून कुणी धुतलं नाही?"

हमीदभाईंनी मला मिठी मारली, लगेच पश्चात्ताप पावून सोडली. मी रडत होतो की हसत होतो, ते चिखलामुळे कुणालाच कळलं नाही.

मागच्या नळाखाली अंघोळ करून, वॉर्डबॉयचा पायजमा घालून मी आत गेलो. सुनंदा दमून पडली होती. मी केवडा तिच्या उशाशी ठेवला. तिने डोळे मिटून लांब श्वास घेतला. मला वाटलं, जिंकलो!

"अहो," ती म्हणाली, "केवडा छान आहे. तुम्ही जरा लांब उभे राहा."

मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. तिने एक पान सोडवून दुपट्याच्या घडीत सरकवलं आणि कितीतरी वेळ बाळाकडे बघत राहिली. खोलीभर वास पसरला. त्या क्षणी मी अजून एक पँटसुद्धा खाडीला वाहिली असती.

सासूबाईंनी बाळ उचललं. उजेडाकडे धरून नाक पाहिलं, कपाळ पाहिलं, कान पाहिले. मग मान वळवून वॉर्डबॉयच्या पायजम्यातल्या मला पाहिलं, पुन्हा बाळाला पाहिलं आणि दिवसभरातला पहिला मोकळा श्वास सोडला.

"सुटलो गं बाई! सगळी आईवर गेलीय!"