मुलुंड ते बोरिवली: ताईच्या सहीसाठी एक दिवस

जिन्याखाली उभं राहून ‘वर कोणाला तरी सांगा ना’ म्हणावं लागलेल्या, स्वतः समोर असताना ‘यांना काय हवंय?’ असा प्रश्न सोबत्याला विचारला गेलेल्या माझ्या वाचकमित्रांनो, हा प्रवास तुमच्यासाठी लिहितोय. आपल्याला पुस्तकं नाकारत कोणीच नाही. फक्त ती पायऱ्यांच्या वर, झाकलेल्या संगणकात आणि ‘सोमवारी या’च्या पलीकडे ठेवलेली असतात.

माझी बहीण नलूताई. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होती. लोकांनी केलेल्या चुका शोधण्यात डोळे झिजवले आणि निवृत्तीनंतर काचबिंदूने ते नेले. उजवा पूर्ण गेला, डाव्याला उजेड आणि सावल्या दिसतात. गेल्या महिन्यात बँकेत तिची सही रेषेबाहेर गेली, म्हणून त्यांनी तिला अंगठ्यावर आणलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “रद्दीवाल्याला रविवारी बोलव. दोन्ही कपाटं जाऊ देत. वाचणंच सुटलं, तर ती राखत कशाला बसू?”

मी आयुष्यभर भाषणं केली. गिरणीच्या दारात, चाळीच्या गच्चीवर, माइक असताना आणि नसताना. पण तिला काय सांगावं ते मला सुचेना. शेवटी एक शनिवार मागून घेतला. ऐकायची पुस्तकं देणारी वाचनालयं फिरायची. एका ठिकाणी जरी ती स्वतःच्या नावाने सभासद झाली, तर कपाटं राहतील. नाही झाली, तर रविवारी तराजू येईल.

सकाळी नऊला मुलुंडहून सुरुवात. तिथलं वाचनालय घरापासून दहा मिनिटांवर, पण पहिल्या मजल्यावर. माझ्या मोजणीने बावीस पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. ताई मोजत चढली. वर अंधांसाठीचा संगणक होता, त्यावर प्लॅस्टिकचं आवरण होतं, आणि त्याचा पासवर्ड माहीत असलेले गृहस्थ रजेवर होते. ताई मोजत उतरली. जिन्यात म्हणाली, “एकवीस आहेत रे. शेवटची तू घाबरून मोजलीस.”

घाटकोपरपर्यंत रिक्षा केली, दोनशेच्या आत. रस्ता खोदलेला, तेव्हा पाठीचं दुखणं असेल तर उशी घ्या. आणखी एक: बरीच वाचनालयं दुपारी बंद असतात. आधी फोन करा.

घाटकोपरला माझा जीव जरा भांड्यात पडला. तळमजला, दाराशी उतार, कोपऱ्यात बोलणारा संगणक, आणि तो चालू. काउंटरवरचे गृहस्थ सभ्य होते. फॉर्म मी भरला. सहीची जागा आली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, “यांना सही जमते का? नाहीतर अंगठा चालेल.”

आणि त्यांनी शाईचा पॅड पुढे सरकवला.

ताईचा हात टेबलावर होता, तो तिने मांडीवर घेतला. बस्स. मी उठलो आणि सुरू झालो. साक्षरतेपासून राज्यघटनेपर्यंत गेलो. अंगठ्याच्या ठशाचा इतिहास सांगितला. वाचणारे चार जण मान वर करून बघायला लागले, तसा मला आणखी चेव आला.

“साहेब, मी वाईट काय बोललो?” ते गृहस्थ म्हणाले. “नियमात अंगठा आहे, तेच सांगितलं.” मी नियमावर घसरलो. मग त्यांनी फॉर्म शांतपणे घडी करून मला परत दिला. “अध्यक्षांना भेटा. सोमवारी.”

बाहेर आल्यावर ताई मालवणीत बोलली. रागावली की ती मालवणीत जाते. “तुझां भाषण झालां. माझां पुस्तक रवलां.”

“अगं पण त्याने तुला...”

“माका म्हायती हा त्याने काय केल्यान. तो माझ्याशी बोलूक नाय, तू पण नाय बोललंस. टाळ्ये कोणी वाजवल्यानी रे, बाबल्या?”

घाटकोपरहून मेट्रो घेतली. फलाटावरच्या पिवळ्या उंचवट्याच्या पट्टीवरून ती माझा हात सोडून चालली. पुढचं स्टेशन कोणतं ते डब्यातला आवाज सांगत होता. अंधेरीत द्रुतगती महामार्गाच्या स्टेशनला उतरून पुलावरून गुंदवलीला गेलो, तिथून बोरिवलीची मेट्रो. लिफ्ट दोन्हीकडे आहे. बोरिवलीत उतरून साबुदाणा वडा खाल्ला. ताईने अर्धाच खाल्ला. “इथे मी बोलेन,” एवढंच म्हणाली. चार वाजले होते आणि आता एकच दार उरलं होतं.

बोरिवलीचं वाचनालय लहान, दोन खोल्यांचं. ग्रंथपाल बाई ताईकडे तोंड करून म्हणाल्या, “या ताई. काय वाचायला आवडतं?” मी सवयीने तोंड उघडलं. ताईने माझ्या पायावर पाय दिला.

“जाडजूड कादंबऱ्या,” ताई म्हणाली. “आणि वाचणाऱ्याने नाटक केलेलं नको. मला माझं रडू येऊ दे.”

बाई हसल्या. त्यांनी दाखवण्यापुरतं ठेवलेलं, उठावदार बटणांचं छोटं यंत्र तिच्या हातात दिलं; त्यात ध्वनिमुद्रित पुस्तकं भरून घरी नेता येतात. मग फॉर्म.

“सही बाहेर जाते माझी,” ताईने स्वतःच सांगितलं. “बँकेने अंगठ्यावर आणलंय.”

बाईंनी खण उघडला. आतून जुन्या लग्नपत्रिकेचा जाड तुकडा काढला. मधोमध एक लांबट खिडकी कापलेली. “आमच्या एका सभासदाने करून दिली. त्यांनाही दिसत नव्हतं.” त्यांनी खिडकी सहीच्या रेषेवर बसवली. ताईने बोटाने चारही कडा चाचपल्या आणि पेन टेकवलं.

“आली आत?”

“आली. शेवटची रेघ तेवढी कडेला टेकलीय.”

“ती टेकणारच. पहिल्यापासून लांब आहे.”

घरी न्यायला यंत्र मात्र मिळालं नाही. द्यायची होती ती सगळी बाहेर गेलेली, नंबर पंधरा दिवसांनी. कार्ड घेऊन रात्री घरी आलो.

रविवारी रद्दीवाला आला. ताईने त्याला वर्तमानपत्रं दिली. कपाटांपाशी तो थांबला तेव्हा म्हणाली, “ती राहू देत.” कायमची की पंधरा दिवसांपुरती, ते मी विचारलं नाही. डावा डोळा दिवसेंदिवस मंदावतोय. यंत्र बिघडलं तर, त्या बाईंची बदली झाली तर, याची धास्ती अजून आहे.

पुढच्या आठवड्यात मी एक खिडकी कापून घाटकोपरला नेली आणि त्याच गृहस्थांपुढे ठेवली. त्यांनी डोळे मिटून तिच्यातून स्वतःची सही करून पाहिली. मग म्हणाले, “त्या दिवशी एवढं बोललात साहेब. हे सांगितलं असतंत तर?”

तेव्हा मित्रांनो, एकच काम करा. घरातली जाड लग्नपत्रिका घ्या, चार बोटं लांब आणि एक बोट रुंद खिडकी कापा, आणि या आठवड्यात तुमच्या वाचनालयाच्या काउंटरवर नेऊन द्या. देताना भाषण करू नका.