पिंपाची राखण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. दोन-तीनदा अगदी ओठांवर आलं होतं, पण दर वेळी पाण्याचा घोट घेतला आणि विषय बदलला. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

तशी ही गोष्ट बियरच्या एका पिंपाची. हसा हवं तर, मीही सुरुवातीला हसलोच होतो.

आखाती युद्ध होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी बहारीनला मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये पर्चेसला होतो. मूळचा कराडचा. पर्चेसवाला म्हणजे काय, तर साहेबाने बोट दाखवायचं आणि आम्ही ती वस्तू पैदा करायची. बंद पडलेल्या कंपनीच्या क्रेनचा पार्ट असो की डिसेंबरातले आंबे. मला ‘नाही’ म्हणता येत नसे, आणि त्याची मला भयंकर घमेंड होती. ही घमेंड आधीच सांगून टाकतो. पुढे तिचंच काम आहे.

आमचे मोठे साहेब इंग्रज. ते बसायचे कॉजवेच्या, म्हणजे समुद्रावरच्या लांब पुलाच्या पलीकडे, सौदीतल्या ऑफिसात, आणि त्यांना वेड रग्बीचं. रग्बी म्हणजे ते — अंड्याच्या आकाराचा चेंडू काखेत घेऊन पळायचं आणि बाकीच्यांनी अंगावर पडायचं. त्यांची टीम एका शुक्रवारी बहारीनच्या क्लबाशी खेळायला येणार होती. साहेबांचा फोन आला. विलायतेत म्हणे रिवाज असतो. दुसऱ्याच्या गावात मॅच खेळायला गेलं, की मैदानावर जायच्या आधी त्या गावातला जुना पब हुडकायचा. तिथे गॅस भरलेली बियर नाही, तर पिंपातच मुरलेली, हाताने दांडा ओढून काढलेली बियर प्यायची. ती प्यायल्याशिवाय मॅचला अर्थच नाही. सौदीत तर थेंबही मिळत नाही. तेव्हा, तू शोध.

मी शोधायला निघालो. स्वतः कधी थेंब घेतलेला नाही, आणि आठवडाभर संध्याकाळी मनामातले बार पालथे घालतोय! हूरा झालं, अदलिया झालं. ‘गॅस नसलेली पिंपातली बियर आहे का?’ विचारलं की बारवाले वेड्याकडे बघावं तसे बघायचे. मफी, मफी, म्हणजे नाही, नाही. अहो, एकाने तर मला बसवून लिंबूपाणी पाजलं.

शेवटी जुफैरला एका हॉटेलच्या तळघरातल्या पबात सापडली. मॅनेजर इंग्रज होता. त्याने हौसेने बोटीतून दोन लाकडी पिंपं मागवली होती. त्यातलं एक बंदरावरच उन्हाने नासलं. उरलं एक. आणि त्या एकाची देखभाल करणारा माणूस निघाला मुरूडचा. आपल्या कोकणातला!

कासमभाई. पन्नाशीचे, किडकिडीत, कपाळावर नमाजाचा डाग. अकरा वर्षं त्या तळघरात. पिंपं थंड ठेवायची, नळ्या धुवायच्या, कधी कुठलं उघडायचं ते ठरवायचं. चव कधी घेतली नाही. ग्लास उजेडात धरून नुसत्या डोळ्यांनी सांगायचे, झाली की नाही ते. मी मराठीत बोललो तर त्यांचे डोळेच भरून आले. मग रोज संध्याकाळी काळा चहा.

‘ह्याच्यात अजून जीव हाय, साहेब,’ ते पिंपाला ओलं गोणपाट गुंडाळताना म्हणायचे. ‘गाळ तळाला बसाया लागतो. ह्याला नुसतं पडू द्यायचं. हलवलं का गेलं.’

आणि एक दिवस त्यांनी मनातलं सांगितलं. घरी त्यांनी सांगितलेलं होतं, मी कोल्ड स्टोरेजला आहे. हजला जायची फार इच्छा. बहारीनहून बस जाते कॉजवेवरून, जवळच तर आहे. पण बियरच्या कमाईवर हज नको. पोटासाठी करतो ते करतो, म्हणाले, पण अल्लाच्या घरी हा पैसा घेऊन कसा जाऊ? अकरा वर्षं ते मॅनेजरकडे किचनच्या स्टोअरमध्ये बदली मागत होते. आता कुठे मॅनेजर कबूल झाला होता. हे विलायती पिंप नीट निभावून दे, त्या इंग्रजांना खूश कर, पुढच्या महिन्यात व्हिसा नवा करताना तुला किचनला घेतो. मग वर्षभराची तांदूळ-डाळीतली कमाई, आणि हज. एवढंच मागणं होतं त्या माणसाचं. हे एक पिंप.

मला हे सगळं माहीत होतं. हे लक्षात ठेवा. मला कुणी अंधारात ठेवलं नव्हतं.

शुक्रवार उजाडला. टीम एकला यायची होती, मॅच तीनला. मी साडेदहालाच हजर. कासमभाईंनी आंघोळ केली, कामाचा शर्ट खिळ्याला टांगला — त्याला बियरचा वास येतो म्हणून — आणि पांढराशुभ्र कुडता घालून जुम्याच्या नमाजाला निघाले. एरवी ते कुलूप लावून जात. त्या दिवशी किल्ली माझ्या हातात दिली.

‘तासाभराचा प्रश्न हाय. कुनाला हात लावू देऊ नका. तुमी हाय म्हनून निर्धास्त जातो.’

मी एकटा. समोर ते पिंप. आणि माझ्याकडे कॅमेरा.

अजूनही मला नीट कळत नाही मी काय विचार करत होतो. फोटो हवा होता मला. बघा साहेब, जे कुणाला मिळालं नसतं ते मी मिळवलं, असा. माझं फॅमिली व्हिसाचं पत्र साहेबांच्या टेबलावर पडून होतं. बायको आणि दोन वर्षांची मुलगी कराडला. तेही डोक्यात होतं, पण ते पुढे करणार नाही मी. घमेंड होती, दुसरं काय! पिंपाच्या मागच्या तोंडावर कंपनीचं नाव आणि लाल घोडा रंगवलेला होता, आणि ते तोंड भिंतीकडे. म्हणून मी गोणपाट काढलं, पिंपाला मिठी मारली आणि खालच्या लाकडी घोडकीवरच अर्धं वळवलं. आतून डुचमळल्याचा आवाज आला. ऐकला मी तो. तरी एक हात पिंपावर ठेवून दुसऱ्याने फोटो काढला. एक नाही, दोन. मग पिंप फिरवून पुन्हा होतं तसं लावलं, गोणपाट गुंडाळलं, आणि खुर्चीवर बसून राहिलो, कासमभाई येईपर्यंत. राखण करत.

एक वाजता चाळीसेक माणसं आली. दांडगी, लालबुंद, गाणी म्हणत. मॅनेजरने स्वतः दांडा ओढला. पहिला ग्लास गढूळ. दुसरा गढूळ. पाचवाही तसाच, ताकासारखा. साहेबांनी एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. गाणी थांबली. मग कुणीतरी म्हणालं, आज शुक्रवार ना, तुमच्या त्या माणसाने मुद्दाम केलं असेल, धर्मात बसत नाही त्याच्या. सगळे हसले.

मीही हसलो.

मॅनेजरने कासमभाईंना बाजूला बोलावलं, आणि मला. कासमभाईंचं इंग्रजी म्हणजे बॅरल, पाइप, कोल्ड, क्लीन, फिनिश. अकरा वर्षं त्यावर चालून गेलेलं. आज मॅनेजरला खुलासा हवा होता. विचार त्याला, पिंप कुणी हलवलं?

मी विचारलं. मराठीत, अगदी शब्दाला शब्द.

कासमभाईंचा चेहरा पांढरा पडलेला. ‘अल्लाची कसम, साहेब, मी हात नाय लावला. मी तर नमाजाला गेल्तो. तुमीच व्हतात ना हितं? तुमीच सांगा त्यांना, कोन आलं नव्हतं. तुमचं ऐकतील ते.’

मला साक्षीदार केलं त्यांनी. मला!

मॅनेजर माझ्याकडे बघत होता. त्याच्या पाठीमागून आमचे साहेबही बघत होते. आणि मी इंग्रजीत, भराभर, कठीण-कठीण शब्द घालून सांगितलं: सकाळी फरशी क्लीन करताना याच्या हातून पिंप सरकलं, हा कबूल करतो, त्याला फार खेद आहे.

‘क्लीन’ तेवढं कासमभाईंना कळलं. फरशी ते रोजच धुवायचे. त्यांनी मान हलवली — हो, हो, क्लीन. आणि माझ्याकडे बघून छातीवर हात ठेवला. माझे आभार मानले त्यांनी.

झालं. खलास. साहेब आणि मंडळी कॅनमधली बियर पिऊन मैदानावर गेली. हरली की जिंकली तेही मला आठवत नाही.

कासमभाईंचा व्हिसा नवा झाला नाही. किचनच्या स्टोअरला केरळचा कुणी आला. कासमभाई महिनाभरात गेले. एअरपोर्टवर मी सोडायला गेलो होतो, हो, गेलो होतो! एवढा निर्लज्ज मी. त्यांनी मला मिठी मारली. म्हणाले, तुमी बोललात माझ्यासाठी, पन माझंच नशीब नव्हतं. तिथे तरी मला खरं सांगता आलं असतं ना? काचेच्या दारापर्यंत त्यांची बॅग मीच ढकलत नेली. विमानाची वेळ, गर्दी, उकाडा, सगळ्यावर बोललो. त्यावर नाही बोललो.

त्यानंतर दोन महिन्यांनी माझा फॅमिली व्हिसा झाला. अरादला फ्लॅट घेतला. बायको आली, मुलगी तिथेच वाढली. आता तिच्याशी मराठीत बोललं तर उत्तर इंग्रजीत येतं.

मुरूडहून दर ईदला कासमभाईंचं पत्र यायचं. बायको मोठ्याने वाचायची. त्यात दर वेळी एक ओळ ठरलेली: परक्या मुलखात सगळे माझ्यावर हसत होते, तेव्हा साहेब, एकटे तुम्हीच माझ्या बाजूने उभे राहिलात. बायको चष्मा काढून म्हणायची, ‘तुम्ही कधी बोलला नाहीत हो याबद्दल.’ तिला वाटायचं, मी विनयाने गप्प आहे. शेजारणींना सांगायची ती. मी पेपर वाचत बसायचो. एकदा तर म्हणालो, ‘अगं, त्यात काय एवढं.’

हे पत्रांचं मी पिंपापेक्षाही वाईट समजतो. पिंप एका तासात झालं. पत्रं नऊ वर्षं येत राहिली, आणि नऊ वर्षं मी उत्तरं लिहिली. ‘काळजी घ्या, हजचा योग येईल, इंशाल्ला.’ माझ्याच हाताने.

दहाव्या वर्षी ईदला त्यांच्या पुतण्याचं कार्ड आलं. काका गेले. गावात छोटं दुकान टाकलं होतं, ते कधी चाललं नाही. हज राहिली. शेवटपर्यंत तुमचं नाव घ्यायचे, दुआ मागायचे तुमच्यासाठी.

ते दोन फोटो साहेबांना मी दाखवलेच नाहीत. रोल संपायला वेळ लागला; धुऊन आले तेव्हा कासमभाई मुरूडला पोचले होते. एक मी जाळला. दुसरा आहे कपाटात, कागदपत्रांच्या खाली. मध्ये पिंप आहे, तिरपं वळवलेलं. मागे खिळ्यावर कासमभाईंचा कामाचा शर्ट टांगलेला. फोटो चांगला आला आहे. लाल घोडा स्वच्छ दिसतो, आणि पिंपावर टेकवलेला माझा हात.