राउटरला हळदकुंकू

मी नक्की काय काम करते हे आमच्या चाळीत कोणालाच माहीत नाही. अकरा वर्षं मी नेटवर्क इंजिनियर आहे. म्हणजे मोठ्या कंपन्यांचे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत राहतील हे बघायचं. चाळीत त्याचा अर्थ एवढाच, की कोणाचा प्रिंटर अडला किंवा ऐन मालिकेत टीव्हीवर चक्र फिरत राहिलं की आमचं दार वाजतं. मी कुरकुरते, दोन शब्द टाकून बोलते आणि मग जाते. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आई म्हणते. ती कमीच सांगते.

ही गोष्ट घडली त्या वर्षी रागाला कारणही होतं. आमच्या कामाची तऱ्हाच बदलली होती. पूर्वी एकेका यंत्राला आम्ही हाताने टाईप करून हुकूम द्यायचो. आता एक प्रोग्रॅम लिहिला की तोच शेकडो यंत्रांना हुकूम सोडतो, आणि आपण चहा पीत बघत बसायचं. बघत बसायला आठ माणसं कशाला लागतात, हे साहेबांच्या लक्षात आलं. दिवाळीनंतर टीममध्ये तिघंच राहणार होते आणि त्या तिघांत मी नव्हते.

बाबा करी रोडच्या एका मिलमध्ये साचेवाले होते. साचा म्हणजे माग. मी घरी सांगितलं तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "आमच्याकडे नवे साचे आले तेव्हा असंच झालं. जो शिकला तो राहिला." म्हणून मी शिकले. क्लाउड शिकले, ऑटोमेशन शिकले, परीक्षा दिल्या. आमच्या धंद्यातल्या सर्टिफिकेटांना दुधाच्या पिशवीसारखी तारीख असते. ती उलटली की पुन्हा परीक्षा. ते सगळं करून एका कंपनीच्या मुलाखतीच्या दोन फेऱ्या पार केल्या. तिसरी आणि शेवटची फेरी ऑनलाइन होती, सकाळी अकरा वाजता, नेमकी दसऱ्याला. मुलाखत घेणारे सिंगापूरला बसलेले, त्यांना दसऱ्याचं काय. मीही हो म्हटलं. हीच एक नोकरी हाताशी होती, तिथे तारखेवरून घासाघीस कोण करणार?

आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा होते. आईचं शिवणाचं मशीन, विळी, बाबांची पकड आणि हातोडी पाटावर मांडायची. अलीकडे माझा लॅपटॉपही थोडा वेळ त्या रांगेत बसायचा. त्या दिवशी मुलाखत म्हणून मी तो आधीच उचलून ठेवला होता. अंघोळ केली, वर इस्त्रीचा कुर्ता आणि खाली घरचीच सलवार चढवली, आणि पावणेअकराला लॅपटॉप उघडला. इंटरनेट नव्हतं. कोपऱ्यात बघितलं तर राउटरही नव्हता.

राउटर पाटावर होता, विळीच्या शेजारी. ओल्या फडक्याने पुसलेला, हळदकुंकवाची पाच बोटं लावलेला, वर झेंडूची माळ. त्याच्या वायरी काढून, छान गुंडाळी करून, दोऱ्याने बांधून ठेवल्या होत्या.

"बाबा, हे काय केलंत?"

"पूजा. लॅपटॉप नुसता डबा गो. तुझं खरं हत्यार हे. हे बंद पडलं की तू ओरडतेस."

ते बरोबर होतं, पण घड्याळ थांबत नव्हतं.

"आता लावा परत."

"उद्या. पूजा झालेल्या साच्याला मिलमध्ये मॅनेजरसुद्धा हात लावत नव्हता."

वाद घालायला वेळ नव्हता. आमच्या खोलीत मोबाइलची रेंज येत नाही, समोरची टॉवर बिल्डिंग आडवी येते. रेंज मिळते ती गॅलरीच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी. मी फोन घेऊन तिकडे धावले आणि बरोबर अकराला मुलाखतीत हजर झाले. व्हिडिओ चालेना, नुसता आवाज. पलीकडे तिघं होते. त्यातल्या मुख्य बाईंना मी खरं ते सांगितलं, की घरचं इंटरनेट बंद आहे कारण वडिलांनी राउटरची पूजा केली आहे. दसरा इंग्रजीत समजावून सांगणं किती अवघड आहे हे मला तेव्हा कळलं.

मग बाई म्हणाल्या, छान. या नोकरीत तुम्हाला हेच करायचंय. यंत्र दुसऱ्या गावी असेल, त्याच्यासमोर एक माणूस उभा असेल, आणि तुम्ही त्याला फक्त तोंडाने सांगू शकाल. तेव्हा आहात तिथेच थांबा आणि तुमचं इंटरनेट चालू करून दाखवा. आम्ही ऐकतोय.

माझ्या आणि आमच्या दाराच्या मध्ये पाच बिऱ्हाडं. मधल्या दारात शेजारच्या काकू आपट्याची पानं निवडत बसल्या होत्या. त्यांनी न सांगता निरोप्याचं काम अंगावर घेतलं. मी माईक म्यूट केला आणि ओरडले, "बाबांना सांगा, राउटर पाटावरून उचला."

"ते उद्या म्हणतात," काकू म्हणाल्या. "आणि मला पण तसंच वाटतं."

मी म्यूट काढला आणि इंग्रजीत म्हणाले, "साइटवरच्या टेक्निशियनच्या मते आज यंत्रणेला हात लावायची परवानगी नाही."

"ती कोण देऊ शकतं?" बाईंनी विचारलं.

"विषय वरच्या पातळीवर न्यावा लागेल," असं म्हणून मी पुन्हा म्यूट केलं आणि आईला हाक मारली. आई बाहेर आली, सगळं ऐकलं आणि आत तोंड करून म्हणाली, "अहो, उचला तो. देवाक मी सांगतंय." परवानगी मिळाली.

बाबांनी वायरी जोडल्या. काकूंकडून आनंदाची बातमी आली, "लाल दिवा लागला गो." लाल दिवा म्हणजे बाहेरून इंटरनेट घेऊन येणारा प्रकाश राउटरपर्यंत पोचत नाही. तो ज्या पिवळ्या वायरीतून येतो तिच्यात केसाएवढी बारीक काच असते आणि तिच्या टोकावर धुळीचा कण बसला तरी सगळं ठप्प होतं.

"पिवळ्या वायरीच्या टोकाला काय लावलंत?" मी ओरडून विचारलं.

आता बाबा स्वतःच दारात आले. "कुंकू. तेवढंच टोक उघडं दिसलं."

मग माझा तोल गेला. म्यूट आहे याची खात्री करून मी गॅलरीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुमची मिल गेली, आता माझी नोकरी पण घालवायची आहे का?"

हे वाक्य काकूंनी पुढे सांगितलं नाही. गरजच नव्हती, ते थेट पोचलं. बाबा आत गेले. मी म्यूट काढला आणि मधाळ आवाजात कळवलं, "वायरीचं टोक मळलंय. आता साफ करून घेते."

आई इन्सुलिनचं इंजेक्शन घेते, त्यासाठी घरात स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाची छोटी पाकिटं असतात. त्यातलं एक फोडून टोक हलकेच पुसा, वाळू द्या, मग लावा, असं मी सांगितलं. तुटलेलं सूत जोडण्यात उभी हयात गेलेला माणूस तो. ते काम त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं केलं. काकूंनी हिरवा दिवा जाहीर केला. मी घरी पळाले, लॅपटॉपसमोर बसले, आणि पडद्यावर तिघंही टाळ्या वाजवत होते.

त्यातला आतापर्यंत गप्प असलेला गृहस्थ एकदम मराठीत बोलला. नागपूरचा निघाला. "काकांना बोलवा ना जरा."

बाबा शर्ट चढवून आले. बोटं अजून लाल होती.

"काका, खरं सांगा बरं. मॅडम चिडल्या का तुमच्यावर? नाही, या कामात रोज असंच फोनवर बोलावं लागते. चिडणारा माणूस आम्हाले चालत नाही."

दारात काकू होत्या, मागे आई होती. बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं.

"नाय हो," ते म्हणाले. "ती कधीच चिडत नाय. नीट समजावून सांगितलं तिने, म्हणून तर जमलं."

काकूंना जोराचा खोकला आला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारी आईने सांगितलं की यंदा माझं काम टिकावं म्हणून बाबांनी मुद्दाम राउटर पूजेला घेतला होता. संध्याकाळी त्यांना सोनं देऊन मी पाया पडले आणि चुकलं म्हटलं. ते म्हणाले, "लागली की सांग."

नोकरी लागली. महिन्याभरात दूरच्या गावी आमची यंत्रं ठेवलेली असतात त्या सेंटरमधून टेक्निशियनचा फोन आला. त्याने भलतीच वायर उपटली होती आणि आमच्या एका ग्राहकाचं सगळं काम आडवं झालं होतं. मी सवयीने म्यूट दाबला आणि तोंड उघडलं. समोर बाबा पेपर वाचत होते. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. पण त्यांनी माझ्या वतीने एका परक्या माणसाला शब्द दिला होता, आणि तो खोटा होता हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी म्यूट काढला. "काही हरकत नाही, दादा," मी म्हणाले. "हातात कुठल्या रंगाची वायर आहे ते सांगा, सावकाश."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि ताप आहे का ते बघायला माझ्या कपाळाला हात लावून गेली.