पहिल्या पायरीवरची आपा

अशा लांब काय बसलात? सरका जरा जवळ, माझा आवाज आता पूर्वीसारखा चढत नाही. आणि आधी थोडं बोलून घेते, रागावू नका. परवा चौकात त्या आंधळ्या बुवांना तुम्ही दंडाला धरून सडक पार करून दिलीत. मी खिडकीतून पाहत होते. मन चांगलं आहे तुमचं, पण त्यांना विचारलंत का, कुठे जायचंय म्हणून? ते बिचारे बसची वाट बघत उभे होते. तुम्ही त्यांना पलीकडे नेऊन सोडलंत आणि बस इकडून निघून गेली.

आपा असती तर तिथल्या तिथे तुम्हाला सुनावलं असतं. "हाथ मत लगाओ, पहले पूछो." हे तिचं वाक्य. देवळात घंटा वाजावी इतक्या नेमानं ते तिच्या तोंडून यायचं.

आपा म्हणजे आपल्या उज्जैनच्या भैरवगढ़ची. चादरी छापणाऱ्या मुसलमान घरातली. तिचा भाऊ तिला आपा, म्हणजे ताई, म्हणायचा, म्हणून सगळी गल्ली म्हणायची आणि मीही म्हणायला लागले, खरं तर वयानं मी मोठी. लहानपणी पोलिओ झाला आणि दोन्ही पाय काडीसारखे राहिले. पण खांदे बघाल तर पैलवानाचे. हातात रबरी चपला अडकवायची आणि त्यांवर जोर देत घरभर अशी सरसर फिरायची, की मी मागून धापा टाकत जायची. बाहेर जायला हातानं फिरवायची तीनचाकी होती. तिला तिनं पुढे एक भोंगा लावून घेतला होता आणि तो ती गरज नसतानाही वाजवायची.

आमची ओळख धंद्यातली. आमच्या ह्यांची मिल बंद पडली तेव्हा घरात बसून रडण्यापेक्षा मी चादरी विकायला काढल्या. भैरवगढ़हून घ्यायच्या आणि माधव नगरात आपल्या मराठी घरांतून दाखवत फिरायचं. बँकवाल्यांच्या, रेल्वेवाल्यांच्या बायका चहा पाजायच्या, चादरी उलगडायला लावायच्या आणि 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणायच्या. आपाची चादर मात्र उलगडली की पुढचा महिना कोणी काढत नसे. ठसा असा बसवायची की जोड कुठे आहे ते शोधून सापडत नसे. जमिनीवर बसून छापायची, पुढे बुटका पाट, डाव्या हाताला रंगाची कुंडी. बोटं कायम निळी. जेवतानाही निळी.

एकदा माधव नगरातल्या एका बाई हौसेनं माझ्याबरोबर तिचं काम बघायला आल्या. बघून म्हणाल्या, "हाय रे, बेचारी." आपानं मान वर न करता सांगितलं की ह्या चादरीचा भाव आत्ताच वाढला, बेचारी म्हणण्याचं वेगळं लागतं. बाईंना वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. वाढीव भाव देऊनच त्या घरी गेल्या, आणि वर मलाच म्हणाल्या, काय तोंडाची आहे हो.

संक्रांतीला मी तिळाच्या वड्या घेऊन जायची आणि गोड बोल म्हणायची. ती म्हणायची, वडी ठेवून जा भाभी, बोलण्याचं जमेल असं वाटत नाही.

तर अशा आपाला सरकारकडून अपंगांची पेन्शन मिळायची. फार नव्हती, पण तिची होती. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन थेट तिच्या पाटापाशी यायचा आणि ती निळ्या बोटांनी सही करायची. भाऊ सज्जन होता, ताटात कधी कमी केलं नाही त्यानं. पण रंग आणि लाकडी ठसे ती स्वतःच्या पेन्शनीतून आणायची. म्हणायची, रोटी भावाची, काम माझं. त्या वर्षांत बाजारात मशीनवर छापलेल्या स्वस्त चादरी यायला लागल्या होत्या, भावाचे हात तंग होते. ती पेन्शन गेली असती तर आपाच्या हातचं काम भावाच्या दयेवर आलं असतं. तिला तीच एक गोष्ट नको होती.

आणि मग तो नवा बेत आला. ऑटोवर भोंगा लावून गल्लोगल्ली सांगत फिरले, की आता भोपाळकडे बघायला नको, पेन्शनचा सगळा कारभार शहराच्या हाती, तुमच्या भागातल्या ऑफिसात. ऐकायला किती गोड. आम्ही टाळ्याच वाजवायच्या बाकी होत्या. पुढे ऑटोवाल्यानं सांगितलं की दरवर्षी शिबिर लागेल, प्रत्येकानं साहेबांसमोर स्वतः हजर व्हायचं, जिवंत आहे आणि अपंग आहे हे दाखवायचं. जो येणार नाही त्याचं नाव कटणार.

आपा म्हणाली, म्हणजे माझे पाय उगवले का ते दरवर्षी बघणार. शेती समजलेत की काय.

आता गंमत ऐका. भोपाळहून निघालेला हा कारभार खाली येत येत आमच्या शहरात आला, शहरातून आमच्या भागात आला, आणि तिथे पहिल्या मजल्यावर अडकला. ऑफिस होतं जुन्या शहरात, एका गोदामावर. जिना अरुंद, उभा, कोपरे पानाच्या पिंकांनी लाल. लंगडे, पांगळे, म्हातारे, सगळ्यांनी वर जायचं. आणि तारीख कोणी काढली देव जाणे, पण काढणारा उज्जैनचा नसणार. सावनातला सोमवार. त्या दिवशी राजा महाकालची पालखी, सवारी म्हणतात तिला, नगर बघायला निघते, दुपारपासून जुन्या शहरात सायकल घालायची सोय नसते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

मी तिच्याबरोबर गेले, तिचा भाऊही होता. जिन्यापाशी रांग होती. एक म्हातारा मुलाच्या पाठीवर बसून वर चालला होता. चेहरा त्यानं मुलाच्या मानेत लपवला होता, लग्नात उशिरा आलेला माणूस मागच्या दारानं शिरतो तसा. आपानं ते पाहिलं. तीनचाकीवरून उतरली, हातावर चालत पहिल्या पायरीपाशी गेली आणि तिच्यावर बसली. वर जायला काही हलेना.

वरून एका बाबूनं डोकं काढून सांगितलं, कोणीतरी उचला हिला, दोन मिनिटांचं काम आहे. भाऊ पुढे वाकला. आपानं नुसतं त्याच्याकडे बघितलं. "बैठ जा तू," म्हणाली. तो बाजूला बसला.

रांगेतला एकजण म्हणाला, घरी माळ्यावर तर स्वतः चढतेस, मी बघितलंय. चढते, ती म्हणाली. माळा माझा आहे, रंग माझे ठेवलेत तिथे, मला चढायचं असतं म्हणून चढते. हा जिना मी मागितला नव्हता.

मीही समजावून बघितलं. म्हटलं, आपा, एक दिवसाचा प्रश्न आहे, नाव कटलं तर काय करशील? तेव्हा तिनं आवाज खाली आणून मला लहानपणचं सांगितलं. लग्नाला नेताना तिला उचलून न्यायचे आणि चपलांच्या ढिगाजवळ ठेवून द्यायचे. मग आत जेवणं व्हायची, गाणी व्हायची, आणि कोणाला आठवण झाली की उचलायला यायचे. "भाभी," ती म्हणाली, "जो उठाता है ना, रखता भी वही है. जहाँ उसकी मर्ज़ी."

मीही बसले. तिच्या शेजारी, त्याच पायरीवर. लुगड्याला पिंक लागली ती पुढे कधी गेली नाही.

थोड्या वेळानं मी विचारलं, आता काय होणार? ती अगदी निवांत होती. डब्यातला पराठा काढून मला अर्धा दिला आणि म्हणाली, "साहब को घर तो जाना है कि नी?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. जिना एकच होता.

मग एक विधवा म्हातारी, जी रांगेत पुढे होती, ती मागे वळली आणि आमच्यापाशी येऊन टेकली. म्हणाली, माझेही गुडघे दुखतात, मी काय म्हणून चढू. तिच्यामागून आणखी दोघं बसले. बघता बघता रांग उभी होती ती बसकी झाली. वर साहेब टेबलाशी आणि टेबलासमोर कोणी नाही.

दुपार कलायला लागली. लांबून ढोल ऐकू यायला लागले, पोलीस नाक्यावर दोर बांधत होते. ऑफिसातल्या शिपायाची घालमेल सुरू झाली, कारण तो सवारीतल्या भजन मंडळीत झांज वाजवायचा. तो आपापुढे हात जोडून आला. म्हणाला, मान जा आपा, माझी मंडळी निघेल. आपा म्हणाली, मी कुठे अडवलंय, टेबल घेऊन ये खाली, लगेच मोकळा होशील. तो वर बघायचा, खाली बघायचा, आणि खिशातल्या झांजा चाचपायचा.

शेवटी साहेब स्वतः जिन्याच्या तोंडाशी आले. कोवळेच होते, भोपाळहून नवे आलेले. त्यांनी वरूनच सांगितलं की नियम ऑफिसात हजर राहण्याचा आहे, सडकेवर नाही. आवाज चढवून नाही, खरं सांगायचं तर घाबरूनच बोलले. आपानं हातातली चप्पल पायरीवर टेकवली आणि विचारलं की ही पायरी ऑफिसचीच आहे ना? मग मी सकाळपासून ऑफिसात हजर आहे.

लोक हसले. साहेबांना ते लागलं. म्हणाले, वर येणार नसाल तर नाव काटावं लागेल, माझा नाइलाज आहे.

हसणं थांबलं. भावानं माझ्याकडे पाहिलं. आपाचा चेहरा क्षणभर पांढरा पडलेला मी बघितला, हे मी तुम्हाला सांगते, कारण नाहीतर तुम्हाला वाटेल तिला भीती नव्हती. होती. पण आवाज नाही थरथरला.

"काट दो साहब," ती म्हणाली. "पर आज सावन का सोमवार है. आज तो राजा महाकाल भी नीचे उतर के आते हैं, परजा का हाल पूछने. आपकी कुर्सी क्या उनसे ऊँची है?"

ढोल जवळ आले होते. भैरवगढ़ची आपा हे बोलली आणि त्या जिन्यात उभ्या असलेल्या एकाही माणसाला ते परकं वाटलं नाही. उज्जैनमध्ये राजा एकच, हे सगळ्यांचं दूध पितानापासूनचं. वरचे म्हातारे हेड बाबू, कपाळावर भस्म लावून आलेले, ते उठले. साहेबांना विचारलंही नाही. काखेत रजिस्टर मारलं आणि धोतर सावरत जिना उतरायला लागले. त्यांच्यामागे शिपाई टेबल डोक्यावर घेऊन, एवढ्या वेगानं की पाय माझ्या खांद्याला लागला.

साहेब वर एकटेच राहिले. मग तेही उतरले.

आपानं आधी सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. त्या म्हाताऱ्या विधवेला, तिच्यामागच्यांना. स्वतः शेवटी. साहेबांना नियमाप्रमाणे अपंगत्व बघायचं होतं आणि कुठे बघावं हे त्यांना कळेना. तिनं सलवार जरा वर केली आणि म्हणाली, नीट बघून घ्या साहेब, पुढच्या वर्षापर्यंत उगवले तर कळवीन. साहेबांचे कान लाल झाले. सही केली त्यांनी. तिनंही केली.

पण पायरीवरून उठली नाही. पुढच्या वर्षीचं काय, म्हणून विचारलं. साहेब म्हणाले, देखेंगे. ती म्हणाली, बरं, मग मीही बसून बघते. आणि खरंच पराठ्याचा डबा पुन्हा उघडला. अखेर साहेबांना सगळ्यांच्या देखत म्हणावं लागलं की टेबल खालीच लागेल. तेव्हा ती बाजूला सरकली. जीप नाक्यापलीकडे अडकलेली, साहेब गर्दीतून वाट काढत पायीच गेले.

लेखी हुकूम असा कधी निघाला नाही. पुढच्या वर्षी दुसरे साहेब आले, त्यांनी टेबल वरच मांडलं. आपा गेली, पायरीवर बसली. शिपायानं कोणाला न विचारता टेबल खाली आणलं. त्याच्या पुढल्या वर्षी ती नुसती तीनचाकी घेऊन गल्लीच्या तोंडाशी आली आणि भोंगा वाजवला, तेवढ्यावर काम झालं.

ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. छातीत पाणी झालं होतं. दवाखान्यातही नर्सला म्हणाली, आधी विचार, मग सुई टोच. तिचा पाट भाच्यानं चालवायला घेतला होता, पण त्याचं मन त्यात रमलं नाही.

ती गेल्यानंतरच्या एका सावनात मी त्या गल्लीतून जात होते. पुन्हा कोणी नवे साहेब, पुन्हा टेबल वर. आणि पहिल्या पायरीवर एक तरुण बाई बसलेली, एका पायात लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, मांडीवर जेवणाचा डबा. मी तिला ओळखत नव्हते, तिनंही आपाला कधी पाहिलं नसावं. मी विचारलं, इथे का गं बसलीस? ती म्हणाली, "यहाँ ऐसे ही होता है, माताजी." वरून शिपाई, केस पिकलेला, टेबल डोक्यावर घेऊन उतरतच होता.

तर असं आहे. माझ्याही गुडघ्यांनी आता जवाब दिला, तुम्ही घरी बोलावताय खरं, पण तुमच्या तिसऱ्या मजल्यावर काही मी यायची नाही. आणि कोणी उचलून नेतो म्हटलं तरी नाही. तुम्हीच उतरा आणि या. पोहे करते, सेव घालून. पण लवकर या हो, उद्या-परवाच या.