उन्हाने मीठ उडत नाही

एखादी गोष्ट खोटी आहे हे पक्कं माहीत असताना, ती आपल्या सोयीची आहे म्हणून तुम्ही कधी दुसऱ्याच्या गळ्यात मारली आहे का?

मी मारली आहे. ज्यांच्याबरोबर रात्रंदिवस चळवळीच्या गप्पा मारल्या त्या मित्रांना हे माहीत नाही. वडिलांना नाही. तुम्हीच पहिले.

आमच्या घरात डब्यांखाली वर्तमानपत्र नसायचं, पत्रकं असायची. वडील नारायणगावला छापखान्यात कामाला. बिघडलेल्या प्रती ते घरी आणायचे आणि आई त्या फळ्यांवर अंथरायची. डाळीचा डबा उचलला की खाली 'जागे व्हा'. मी अक्षरं तिथे शिकलो. त्यामुळे असेल, पण मला लहानपणापासून वाटायचं की मोठ्या टायपात छापलेलं ते खरंच असतं. कॉलेजात गेल्यावर मीही लिहू लागलो. येडगाव धरणाच्या कडेच्या जमिनी मुंबई-पुण्याचे लोक फार्महाउससाठी घेत होते, त्याविरुद्ध. 'विकू नका' हे माझं आवडतं वाक्य होतं.

आणि त्याच वर्षी मी त्यातल्याच एका फार्महाउसवर काम धरलं. हे मित्रांपासून लपवलं — पण थांबा, ही माझी कबुली नाही. ही तर तिच्या आधीची पायरी.

साहेबांनी बंगल्यासमोर पोहण्याचा तलाव बांधला होता. गाव त्याला 'साहेबाचं तळं' म्हणायचं. त्यात क्लोरीनची पावडर टाकायची नसे. पाण्यात मीठ विरघळवायचं आणि ते पाणी मोटारीच्या खोलीतल्या एका यंत्रातून फिरवायचं; यंत्रातल्या पट्ट्यांतून वीज गेली की मिठातूनच क्लोरीन तयार होई. पाण्यात मीठ किती आहे, हेही ते यंत्रच मोजून छोट्या पडद्यावर दाखवायचं. मी विज्ञान शिकणारा, म्हणून ते माझ्याकडे. साहेब मुंबईहून फोन करायचे — "किती दाखवतंय?" — आणि मी आकडा वाचायचो.

त्या हिवाळ्यात आकडा घसरू लागला. 'मीठ कमी' असा लाल दिवा. मी मिठाचं पोतं ओतलं. आकडा थोडा चढला, पुन्हा उतरला. आणखी एक पोतं. मीठ काय हवेत उडून जात होतं? एकदाही विचारलं नाही मी स्वतःला. पडद्यावर होतं ना! पाहुण्यांची मुलं डोळे चोळत बाहेर येऊ लागली, पाणी तोंडात गेलं की थुंकू लागली, तेव्हा कुठे मी एक बाटली भरून कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेली. यंत्र दाखवत होतं त्याच्या दुपटीहून जास्त मीठ निघालं.

कारण साधं होतं. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. आंघोळीच्या बंबाच्या आत जशी पांढरी खपली धरते, तशी ती यंत्रातल्या पट्ट्यांवर धरली होती. खपलीतून वीज नीट जाईना, यंत्राला वाटे मीठ कमी. वर थंडीचं गार पाणी, त्यानेही आकडा खालीच राहतो. पट्ट्या काढून सौम्य आम्लात बुडवून धुतल्या की झालं. मी धुतल्या. आकडा खरा दिसू लागला.

पण तळ्यातलं मीठ कसं काढणार? मीठ काढायचं औषध नसतं. अर्धं पाणी सोडून द्यायचं आणि गोडं भरायचं, एवढाच उपाय. आणि साहेब त्याच शनिवारी माणसं घेऊन येणार होते. पाणी ओढ्याला सोडलं तर ओढ्यावर गुरं येतात, बाया धुणं धुतात. गावाला पाच मिनिटांत कळलं असतं की 'विकू नका'वाला पोरगा साहेबाच्या तळ्यात मीठ ओततो, आणि तेही चुकीचं.

मी तळं रिकामं करायच्या कॉकवर हात ठेवून उभा होतो, तेव्हा कुंपणापलीकडून हाक आली.

"काय पुढारी! आज कुणाला फाडलं?"

नामदेवतात्या. साहेबांच्या कुंपणाला लागून त्यांचं रान; ते लावतील ते उगवतं, असा त्यांचा हात. माझी पत्रकं त्यांच्याइतकं लक्ष देऊन कुणी वाचत नसे, आणि त्यांच्याइतकी टिंगलही कुणी करत नसे. मी साहेबांकडे कामाला आहे हे गावात त्यांनाच ठाऊक होतं, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांचा मुलगा सुरेश चाकणला कंपनीत होता. जमीन साहेबांना देऊन टाकू, असा त्याचा धोशा. तात्यांनी त्याच्याशी बोली केली होती, चारचौघांत: या हंगामाची फरसबी साधली, तर विकण्याचा विषय पुन्हा घरात काढायचा नाही. नाही साधली, तर तो म्हणेल तिथे सही. फरसबी फुलावर आली होती. कालव्याचं आवर्तन लांबलं होतं आणि लोडशेडिंगमुळे विहिरीवरची मोटार चालत नव्हती.

"पाणी सोडतोयस व्हय?" तात्या म्हणाले. "मग ओढ्याला कशापायी घालतो, राव? माझ्या पाटात दे. पाणी वाया घालवायची रीत न्हाई आपल्यात."

खरं आहे. आमच्याकडे भांडी विसळलेलं पाणीसुद्धा आळूच्या वाफ्यात जातं. वाहतं पाणी दिसलं की हात आपोआप खोऱ्याकडे जातो. तात्यांनी बोलता बोलता पाटाचं तोंड फोडलंही.

मी पाणी सोडलं. त्यांनी ओंजळ भरून चूळ घेतली आणि थुंकली.

"आयला, खारट लागतंय की रं!"

तो क्षण — मी तो किती वेळा उलटून पाहिला आहे! कॉक बंद करायला काय लागतं? अर्धा फेरा. 'तात्या, नको' म्हणायला दोन शब्द. मी काय म्हणालो?

"औषध आहे ते. उन्हानं उडून जातं."

कसं लबाड वाक्य आहे, बघा. क्लोरीन उन्हाने खरंच उडून जातो. मीठ जात नाही. मी सत्याचा एक तुकडा घेतला आणि त्याने खोटं झाकलं. वर म्हणालो, "मशीन तर मीठ कमी म्हणत होतं." तेही खरंच, म्हणतच होतं. यंत्र दुरुस्त झालंय आणि आता काय म्हणतंय, ते सांगितलं नाही. तळ्याला जेवढं मीठ योग्य, तेवढ्यानेही फरसबी जळते, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण ते पाणी तात्यांच्या रानात मुरलं असतं, ओढ्याला दिसलं नसतं. मला तेच हवं होतं.

"मंग ठीक हाय," तात्या म्हणाले. "तू शिकलेला. तुझं खोटं नसायचं."

पाणी वाफ्यामागून वाफ्यात जात राहिलं. ते अनवाणी, खोऱ्याने वाट करून देत, खुशीत. मी बघत राहिलो.

आधी पानांच्या कडा तांबूस झाल्या. मग कडा वाळून आत वळल्या. फुलं गळली. तात्यांनी फवारणी केली, बियाणाच्या दुकानदाराशी भांडून आले, काकूंनी रानाला नारळ फोडला. मी रोज कुंपणाशी जायचो आणि रोज ठरवायचो की आज सांगायचं. पण सांगून काय होणार होतं? मातीत गेलेलं मीठ माझ्या शब्दांनी वर येणार होतं? ही पळवाट होती, हे तेव्हाही दिसत होतं. गोडं पाणी भरपूर दिलं असतं तर मीठ खाली तरी उतरलं असतं. पण पाणीच नव्हतं. होतं ते साहेबांच्या बोअरला, जनरेटरवर चालणाऱ्या; त्याची किल्ली माझ्या खिशात होती, आणि ते पाणी मी साहेबांचं तळं भरायला वापरत होतो.

एक दिवस त्यांनी पान खुडून माझ्या हातात दिलं. "बघ की रं, काय झालंय ह्याला?"

मी पान उलटसुलट केलं. "करपा असेल," म्हणालो.

त्यांनी पान परत घेतलं आणि बोटांत चुरगळलं. मग म्हणाले, "माझा हात गेला, पुढारी. लई वर्सं साथ दिली त्यानं. आता गेला."

तात्यांनी शब्द पाळला. सुरेशने आणलेल्या कागदावर सही केली. कुंपण सरकलं.

आता सांगतो, ज्यासाठी हे लिहायला बसलो. पाणी सोडलं ते भित्रेपणाने. यापुढचं मी थंड डोक्याने, टेबलाशी बसून केलं.

जमिनी विकणाऱ्यांची नावं घालून पत्रक काढायचं, असं आमच्या बैठकीत ठरलं. मित्र म्हणाले, "तूच लिही, तुझ्या लेखणीला धार आहे." मी लिहिलं. पहिलंच नाव नामदेवतात्यांचं. 'पोटच्या पोराच्या हट्टापायी ज्यांनी काळी आई विकली' — हे वाक्य माझं आहे. मला ते आवडलं होतं. वडिलांनी ते ठळक टायपात लावलं. डेअरीच्या भिंतीवर, पिठाच्या गिरणीवर, एसटी स्टँडवर ते मी स्वतः चिकटवलं.

नाव गाळता आलं असतं ना? कुणी विचारलंही नसतं. मग का घातलं? मला वाटतं, ते छापलं की तेच खरं होईल, म्हणून.

तात्या डेअरीत यायचे थांबले. दूध घेऊन काकू यायच्या, पदर ओढून, भिंतीकडे न बघता. काही महिन्यांनी दोघं चाकणला सुरेशकडे गेले. निघाले त्या दिवशी स्टँडवर माझी गाठ पडली. त्यांच्यामागच्याच भिंतीवर पत्रक होतं. त्यांनी ते वाचलेलं होतं. माझं लिहिलेलं काहीही वाचायचं ते सोडत नसत.

"चांगलं लिहितोस," ते म्हणाले. टोमणा नव्हता. तेच मला सोसत नाही.

मागच्या वर्षी मी चाकणला गेलो, सांगायचंच म्हणून. त्यांनी चहा करायला लावला. गॅलरीत तेलाच्या डब्यात दोन मिरच्या लावल्या होत्या, त्या दाखवल्या. "बरा हाय ना रं हात अजून?" असं विचारलं. मी हो म्हणालो, चहा प्यायलो आणि परत आलो.

तात्यांचा हात गेला नव्हता. मला माफी नको. ती मागायची जागाही ही नव्हे. मात्र ते पत्रक अजून डेअरीच्या भिंतीवर आहे, आणि येडगावात बऱ्याच घरांत डब्यांखाली असेल. तुमच्याकडे असेल तर डबा उचला. पहिल्या नावावर काट मारा, अशी की खालचं अक्षर वाचता येऊ नये. पत्रकाच्या तळाला लिहिणाऱ्याचं म्हणून माझं नाव छापलं आहे. ते तिथून उचला आणि वर, त्या जागी लिहा.